आचार्यांना विचारून या

डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. एका खोऱ्यात सात वाड्यांची मिळून एक पाठशाळा होती. नदीकाठची, गवताने शाकारलेली. दीडशे मुलं तिथे शिकत आणि एक वृद्ध आचार्य ती चालवत.

अठ्ठावीस वर्षं त्यांनी डोळ्यांत तेल घालून शाळा सांभाळली होती. कुठला वर्ग कुठे बसवायचा, आजारी मुलाला घरी कधी धाडायचं, आभाळ भरून आलं तर शाळा सोडायची की नाही, सगळं तेच ठरवत. शिक्षक हुशार होते. पण कुणी काही विचारलं की त्यांचं एकच उत्तर असे, "आचार्यांना विचारून या."

एका वर्षी राजाचा निरोप आला. "राज्यात नव्या शाळा काढायच्या आहेत. पुढच्या चैत्रात राजधानीत या. मागे कुणाला नेमायचं, ते तुम्हीच ठरवा."

त्या दिवसापासून आचार्यांच्या जिवाला घोर लागला. माझ्यामागे या लेकरांचं कसं होणार?

शिक्षकांत सुव्रता सगळ्यांत जाणती. नऊ वर्षं ती तिथे शिकवत होती. आचार्य तिला म्हणाले, "आजपासून शाळा तू चालव. मी नुसता बघेन."

दुसऱ्याच दिवशी सुव्रताने धाकट्या मुलांना चिंचेच्या सावलीत बसवलं. दुपारपर्यंत आचार्यांना राहवेना. झाडावरून काही पडलं तर? त्यांनी मुलं आत आणली. मग तिने ताप आलेल्या एका मुलीला घरी धाडलं, तर आचार्यांनी मागून माणूस पाठवून तिला परत बोलावलं. "तुझं चुकलं नव्हतं," ते म्हणायचे, "पण उगाच जोखीम कशाला?"

असं वर्षभर चाललं. हळूहळू सुव्रता काही ठरवेनाशीच झाली. 'ही अजून तयार नाही,' असं आचार्यांना वाटे आणि त्यांची झोप आणखी उडे.

फाल्गुनात राजाला भेटायला त्यांना जावंच लागलं. परतताना ते खिंडीत पोचले, तर समोरून निळकंठ नावाचा शिक्षक धापा टाकत चढत येत होता.

"आचार्य, पलीकडच्या डोंगराला वणवा लागलाय. वारा आपल्याच बाजूला वाहतोय. सुव्रताताईंनी विचारलंय, मुलांना नदीत न्यायचं का?"

"हे विचारायला तू डोंगर चढून आलास? मुलं कुठे आहेत?"

"शाळेतच. तुमच्या उत्तराची वाट बघताहेत."

खाली खोऱ्यात धूर दाटत होता. आचार्य धावत सुटले. काट्यांनी पाय फाटले, उपरणं कुठेतरी अडकून राहिलं. दर वळणावर ते शाळेचं छप्पर शोधत होते. शेवटच्या वळणावर ते दिसलं. पेटलेलं.

मुलं वाचली होती. गुरं राखणाऱ्या एका म्हातारीने, "अरे, वाट कसली बघताय?" असं ओरडत, काठी आपटत सगळ्यांना नदीच्या पात्रात हाकललं होतं. एका चिमुरडीचे तळपाय तेवढे भाजले होते. शाळेची मात्र राख झाली.

आचार्य सुव्रतापाशी गेले. "मुलांना बाहेर काढायचं, एवढंही तुला सुचलं नाही?"

"सुचलं होतं," ती म्हणाली. तिच्या तोंडावर काजळी होती आणि त्या काजळीतून आसवं ओघळत होती. "धूर दिसला तेव्हाच सुचलं होतं. पण या वर्षात मी ठरवलेली एक तरी गोष्ट तुम्ही संध्याकाळपर्यंत टिकू दिलीत का? माझं बरोबर आहे, यावर माझाच विश्वास उरला नव्हता."

आचार्य भाजलेल्या मुलीच्या पायांना कोरफड लावायला बसले.

त्यांनी राजाकडे आणखी एक वर्ष मागून घेतलं. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड वर्ष. नवी शाळा कुठे बांधायची, हे सुव्रताने ठरवलं. छपराचं गवत तिने घाईने, अर्धवट वाळलेलं असतानाच घातलं. आचार्यांना ते दिसत होतं. जीभ वळवळत होती. विचारलं तेवढंच, "गवत हातात घेऊन पाहिलंस?" पाहिलं, म्हणाली ती. आचार्य गप्प बसले.

पावसाळाभर छप्पर गळलं. आचार्य ओल्या कोपऱ्यात बसून शिकवत राहिले. पुढच्या खेपेला सुव्रताने गवताची पेंढी न् पेंढी स्वतः पारखली, आणि निळकंठलाही पारखायला शिकवलं.

मग आचार्य राजधानीत गेले.

तीन वर्षांनी बातमी आली, खोऱ्यात तापाची साथ आहे. हातातला घास टाकून आचार्य निघाले. वाटेत नाही नाही ते मनात येत होतं. नदीवरच्या साकवाशी पोचले, तर समोर शाळा बंद, कुठेही मुलांचा आवाज नाही.

पलीकडून एका तरुण शिक्षिकेने त्यांना हाताने थांबवलं. "आजोबा, तिथेच थांबा. इकडे साथ आहे."

"सुव्रता कुठे आहे?" आचार्यांनी ओरडून विचारलं.

"ताई आणि निळकंठदादा वरच्या खोऱ्यात नवी शाळा उभी करायला गेलेत, महिना झाला. पहिला ताप आला त्याच दिवशी मी शाळा बंद केली. वाडीवाडीत औषध पोचवलं."

"आणि मुलं?"

"चौघं आजारी पडली. आता पेज खाताहेत. बाकी सगळी ठणठणीत."

"हे सगळं तुझं तू ठरवलंस?"

ती जरा गोंधळली. "मग? ताईंना नंतर कळवलं. तुम्ही कोण, आजोबा?"

आचार्य साकवाच्या कठड्याला धरून खाली बसले. आपली इथे कुणालाच गरज उरली नाही, हे आधी त्यांना टोचलं. मग छातीवरचा कितीतरी वर्षांचा धोंडा उतरला.

"कुणी नाही, बाळ," ते म्हणाले. "वाटसरू आहे." आणि नाव न सांगता ते आल्या वाटेने परत फिरले.

बोध: आपल्यामागे कुणी सांभाळावं असं वाटत असेल, तर आपल्या देखतच त्याला ठरवू द्यावं, आणि चुकूही द्यावं.