अळणी वरण

"चारशे पावलांवरून गवा पाडायचा, तर गोळी कोणती घ्यावी, बाबा?"

मधुकरनं उभ्याउभ्याच विचारलं. चपला काढल्या होत्या, पण बसला नव्हता.

पैकूजी आत्राम ओसरीत सुतळी वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

शिकारीचे परवाने मिळायचे त्या काळातली ही गोष्ट. मोहझरीला आमच्या आणि पैकूजींच्या घरांमधे बांबूचा एक कूड होता आणि त्याला भोकं बरीच होती. मी अलीकडे मिरच्या खुडत बसले होते. मिरच्या आत बसूनही खुडता आल्या असत्या, नाही असं नाही.

मधुकर म्हणजे लाकडाच्या ठेकेदाराचा मुलगा. चार वर्षं पैकूजींच्या मागं जंगल फिरला, बंदूक धरायला त्यांच्याकडेच शिकला. पुढं नागपूरला जाऊन नेमबाजीची पदकं आणली, तीनशे पंचाहत्तरची रायफल घेतली. आता वर्षातून एकदा यायचा, जीपमधून.

त्यानं खिशातून तीन काडतुसं काढली आणि ओसरीच्या कडेवर ओळीनं उभी केली.

"ही टोकदार. हलकी, सरळ जाणारी, लांब जाणारी. पण गव्याच्या खांद्याचं हाड फोडून आत शिरेलच असं नाही. ही मऊ नाकाची. लागली की फुलते, पण लांब पल्ल्यावर खाली उतरते. आणि ही भरीव. हाडबीड काही बघत नाही, आरपार. पण आरपार गेली तर गवा तसाच पळत सुटतो... बोला."

"आतापर्यंत कोन्ती वापरलीस?"

"टोकदार."

"मंग आज काहून विचारतोस?"

"सहज. रविवारपर्यंत परवाना आहे माझा."

पैकूजींनी सुतळी खाली ठेवली.

"आधी जेवून घे."

जैतूबाईंनी दोघांना ताटं वाढली. भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण. मधुकरनं पहिला घास घेतला आणि हसला.

"काकी, मीठ विसरलात."

जैतूबाई नवऱ्याकडे पाहू लागल्या. मी मिरची हातात धरून तशीच राहिले. मंगळवारी मी त्यांच्याकडे वांग्याची भाजी पाठवली होती, ती वाटी भरलीच्या भरली परत आली होती. मला वाटलं, म्हाताऱ्याला ताप आला असेल.

"विसरली नाई ते," पैकूजी म्हणाले. "सोमवारपासून बंद हाय."

मधुकरचा हात ताटातच थांबला.

आमच्याकडच्या शिकाऱ्यांची रीत आहे. ज्याच्या बारानं जनावर जखमी होऊन निसटलं, त्यानं ते हाती लागेपर्यंत मीठ खायचं नाही. मीठ आपल्या मनानं सोडायचं, कुणाच्या सांगण्यावरून नाही, आणि जनावर सापडलं की तिथंच चिमूटभर तोंडात टाकायचं. मधुकरला काही नवीन नव्हती ती. पैकूजींनीच शिकवली होती.

"तुम्ही तर दोन वर्षं बंदूक उचलली नाही."

"नाई उचलली."

"मग मीठ कशाला सोडलंत?"

"सोमवारी सकाळी पहाडावरून बार ऐकला. मोठ्या रायफलीचा. दुसरा नाई ऐकला."

"एका बारात पडला असेल!"

"पडला असता तर गावच्या बैलबंड्या गेल्या असत्या आणायले. कोनाची बंडी गेली?"

"चारशे वीस पावलं होती," मधुकर एकदम बोलला. "मधे दरी. वारा डाव्या अंगाचा. खांद्यावर नेम धरून मारली मी. साऱ्या जिल्ह्यात कुणी मारून दाखवावी!"

"मारलीस. मंग?"

"मग काय मग? जीप पलीकडे जात नाही. दुपारपर्यंत दुर्बिणीतून पाहिलं. दिसला नाही."

"मंगळवारी सगुणाले दिसला."

सगुणा म्हणजे माझी धाकटी जाऊ. पहाटे मोहाची फुलं वेचायला गेली होती. बांबूतून गवा अंगावर आला, टोपली तिथंच टाकून पळाली म्हणून वाचली. तेव्हापासून गावातली एक बाई मोहावर गेली नव्हती. वर्षाचा मोह आमच्या डोळ्यांदेखत मातीत झडत होता.

"पुढचा पाय ओढत होता म्हणते," पैकूजी म्हणाले.

"पुढचा?" मधुकर ताटावरून अर्धा उठला. "म्हणजे खांद्यातच लागली! पाहा! नेम चुकला नव्हता माझा. गोळी फुटली हाडावर. गोळी चुकली!"

"मंग त्या गोळीले सांग मीठ सोडायले."

मधुकरचे कान लाल झाले. त्यानं ताट बाजूला सारलं.

"मी नाही मानत या रिती. रायफल माझी, परवाना माझा. तुमच्याकडे गोळी विचारायला आलो, मीठ विचारायला नाही."

"नको मानू."

पैकूजी भिंतीला धरून उठले. खुंटीवरची ठासणीची बंदूक काढली, दारूचं शिंग खांद्याला अडकवलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता त्यांच्या. जैतूबाई त्यांना रोज हाताला धरून विहिरीवर न्यायच्या. आता त्या पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

"कुठं निघालात?"

"बांबूत."

"एका डोळ्यानं? त्या बंदुकीनं? बार उडेपर्यंत तो छातीवर येईल तुमच्या!"

"यिल."

"गवा माझ्या गोळीचा आहे. तुमचा काय संबंध?"

"ते हात मी शिकवले," पैकूजी म्हणाले. "सरक."

मधुकर दारात आडवा उभा राहिला.

"बंदूक ठेवा."

"नाई ठेवत."

"ठेवा म्हणतो ना!"

"तू रीत मानत नाईस. मी मानतो. तू तुझ्या जीपमधी बस, मी माझ्या पायानं जातो. भांडण कायचं?"

किती वेळ दोघं तसेच उभे होते, मला सांगता येणार नाही. माझ्या मिरच्या सांडल्या होत्या, तेही मला नंतर कळलं. म्हाताऱ्यानं पाऊल उचललं की मधुकर त्या बाजूला सरकायचा. म्हातारा थांबला की तोही थांबायचा. गव्यापुढं उभं राहावं तसा उभा होता.

शेवटी तोच वळला. ओसरीच्या कडेवरची टोकदार गोळी त्यानं बोटानं ढकलून आडवी पाडली. मऊ नाकाची एका हातात घेतली, भरीव दुसऱ्यात.

"बांबू दाट आहे तिथं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. "दिसेल तेव्हा वीस पावलांवर असेल. समोरून येईल, डोकं खाली घालून..."

मग पैकूजींकडे पाहिलं.

"कोणती घेऊ?"

पैकूजी चुलीपाशी गेले. बरणीतलं चिमूटभर मीठ पळसाच्या पानात घेतलं, सुतळीनं बांधलं आणि ती पुडी ओसरीच्या कडेवर आणून ठेवली, काडतुसं उभी होती तिथं.

मधुकर पुडीकडे पाहत राहिला. मऊ नाकाची गोळी कडेवर ठेवली. भरीव खिशात टाकली आणि पुडी सदऱ्याच्या खिशात घातली.

जीपमधून रायफल आणि उरलेली भरीव काडतुसं काढून घेतली. जीप तिथंच राहिली. चपलांकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. बांबूत कसं चालतात ते तो विसरला नव्हता.

कुडाच्या टोकाशी जाऊन मात्र थांबला. मागं वळला. माझ्यापासून चार हातांवर होता, पण त्याला मी दिसले नसेन. डोळे नुसते पेटले होते.

"एक सांगून ठेवतो, बाबा," तो ओरडला. "मी तुमच्या सांगण्यावरून जात नाहीये!"

पैकूजी बंदूक परत खुंटीला अडकवत होते.

"मंग सापडेल," ते म्हणाले.