मिक्सरच्या दोन वाटा

यंत्रांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. जत्रेच्या दुसऱ्या सकाळी रात्रीच्या खेळानंतर दिवसा होणारा हजेरीचा तमाशा रंगला होता आणि आवाज सांभाळणारा मिक्सर पार घायकुतीला आला होता.

"केवडाबाईंचा आवाज धारदार कर की रे, मागं काही कळत नाही!" मैदानाकडचा कर्णा ओरडला. मिक्सरने धार वाढवली, तोच बाईंच्या पायाशी बसून त्यांना त्यांचंच गाणं ऐकवणारा मॉनिटर कर्कश शिट्टी मारून किंचाळला, "कमी कर! बाई दचकल्या!"

कमी केली, तर लोक उठायला लागले.

"एकच बटण फिरवून दोघांना खूश करतोय, खुळाच आहे मी!" म्हणत मिक्सरने तोच आवाज दोन वाटांनी सोडला, मैदानाकडे धारदार, बाईंकडे मऊ.

बाईंनी निर्धास्तपणे वरचा सूर लावला. पुन्हा शिट्टी! मिक्सरने झटकन मॉनिटरकडे पाहिलं.

पण ही शिट्टी शेवटच्या रांगेतून आली होती.