पाण्यातला सलाम

“बाबा, सगळं करतो तो... मग उभाच का राहत नाही?”

बाभळीखाली बसलेल्या म्हाताऱ्याने मान वर केली नाही. तो जुने वाकलेले खिळे चाचपून दगडावर सरळ करत होता.

“मी तुम्हाला विचारतेय.”

“ऐकलं. आता तो काय म्हणतो ते ऐकतोय.”

घोडा काही म्हणत नव्हता. पुढचा डावा पाय वाळूत आपटत होता, एवढंच.

म्हाताऱ्याचं नाव लालाबाबा नालबंद. तापीकाठच्या त्या गावात दरवर्षी घोड्यांची मोठी जत्रा भरते, आणि पन्नासेक वर्षं तिथे आलेल्या निम्म्या घोड्यांचे नाल बाबांनी ठोकले होते. दहा वर्षांपूर्वी डोळे गेले. तेव्हापासून ते घोडा टापांवरून ओळखत, आणि माणूसही बहुतेक तसाच.

घोड्यावरची मुलगी शर्वाणी मोहिते. एकोणीस वर्षांची, पुण्याची, आणि स्वतःला घोड्यातलं बरंच कळतं अशी पक्की खात्री असलेली. घोड्याचं नाव कापूर. तो तिचा नव्हता. ती सरावासाठी राहत होती त्या काठावरच्या फार्मचे मालक जगतापसाहेब यांचा होता.

शर्वाणी ड्रेसाज करायची. म्हणजे वाळूच्या आखीव चौकोनात घोड्याला असं चालवायचं, की बघणाऱ्याला वाटावं, हा आपल्याच मनाने चालतोय. पावलापावलाला पंच दहापैकी गुण देतात. सुरुवातीला आणि शेवटी मधोमध थांबायचं, लगाम डाव्या हातात घ्यायचा, उजवा हात सैल खाली सोडायचा आणि मान लववून पंचांना सलाम करायचा. तेवढा वेळ, फार तर चार सेकंद, घोड्याने चारी पायांवर निश्चल उभं राहायचं.

कापूर तिरका चालायचा, जागच्या जागी फिरायचा, दुडकी अशी टाकायचा की वाळूसुद्धा उडायची नाही. फक्त ती चार सेकंदं त्याला जमत नव्हती. नेमका सलामाच्या वेळी तो पाऊल टाकायचा. मागच्या स्पर्धेत तिथे दहापैकी चार मिळाले होते. दोन्ही वेळा.

“अकरा दिवसांनी संघाची शेवटची निवड आहे, बाबा,” ती म्हणाली. “संघात आले तर कापूर माझ्याकडे राहील. नाही आले तर साहेब त्याला इंदूरच्या एका स्वाराला देणार आहेत.”

साहेबांनी हे अगदी मायेने सांगितलं होतं. चांगल्या घोड्याला मोठं मैदान मिळायला हवं, म्हणाले होते. त्यात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून तिला जास्तच लागलं.

तिला संघ हवा होता, पदक हवं होतं, आणि ते ती लपवत नव्हती. पण झोपेत तिला पदक कधी दिसलं नाही. झोपेत कापूरच्या मानेचा उबदार वास यायचा. तो तीन वर्षांचा असताना पहिलं खोगीर तिनेच त्याच्या पाठीवर ठेवलं होतं.

“सलाम कर,” बाबा म्हणाले.

“आत्ता? तुम्हाला?”

“कर की.”

तिने घोडा थांबवला. हात सोडला, मान लववली. कापूरने पाऊल टाकलं.

“कुठं गेलीस?” बाबांनी विचारलं.

“मी? मी इथेच आहे. तो गेला.”

बाबा हसले. हातातला खिळा पुन्हा एकदा चाचपला.

“थांबायचा सराव करतेस?”

“दिवसाला चाळीस वेळा!”

“म्हणजे चाळीस वेळा थांबवतेस आणि चाळीस वेळा हाकतेस. हुशार आहे गं तो. तुला त्रास नको म्हणून आधीच निघतो.”

शर्वाणीने वाकून कापूरच्या मानेवर हात ठेवला.

“उद्यापासून चालवू नकोस,” बाबा म्हणाले. “पहाटे या पाण्यात येऊन उभी राहा.”

“आणि?”

“आणि काय... उभी राहा.”

* * *

जत्रा होऊन महिना झाला होता. मैदानात खुंट्यांची भोकं तेवढी उरली होती. पहाटे नदीवर धुकं इतकं यायचं, की पलीकडचा काठ कोणी उचलून नेला असं वाटावं. पांढऱ्या धुक्यात पांढरा घोडा गुडघाभर पाण्यात उभा, आणि वर एक मुलगी. काठावर डोळे गेलेला म्हातारा.

पहिल्या दिवशी कापूरने पाणी उडवलं. दुसऱ्या दिवशी तो तीनदा काठाकडे वळला. तिसऱ्या दिवशी थोडा थांबला.

“शाबास, कापूर,” काठावरून आवाज आला.

चौथ्या दिवशी पुन्हा तसंच. “शाबास, कापूर.”

“बाबा, लगाम माझ्या हातात आहे,” ती म्हणाली. हसत म्हणाली, पण लागलं होतं. “मला कधी म्हणणार शाबास?”

“तू उभी राहिलीस की.”

“मी घोड्यावर बसलेय!”

“तेच म्हणतोय.”

पाचव्या दिवशी तिचा धीर सुटला. पुण्यात बाकीचे स्वार दिवसातून दोनदा सराव करत असतील आणि आपण इथे म्हशीसारख्या पाण्यात. तिने ते बोलून दाखवलं. बराच वेळ बोलली. मग स्वतःच गप्प झाली.

“संपलं?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“तू गप्प झाल्यावर त्याने श्वास सोडला. ऐकलास?”

तिने ऐकला नव्हता.

सातव्या दिवशी बाबांनी धोतर वर खोचलं आणि काठीने तळ चाचपत पाण्यात शिरले. वय ऐंशीच्या पुढचं, पाणी बर्फासारखं. ती ओरडली, “बाबा, पडाल!” ते आले ते थेट कापूरच्या बगलेपाशी. त्यांनी घोड्याच्या कुशीला कान लावला, तिच्या गुडघ्याच्या अगदी खाली.

“सलाम कर.”

तिने हात सोडला. मान लववली.

“हं... चार मोजलेस.”

ती दचकली. मोजलं होतं, पण ओठसुद्धा हलले नव्हते.

“तुम्हाला कसं कळलं?”

“मला नाही. त्याला कळतं. चारला तुझा गुडघा आवळतो.” बाबांनी तिच्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवली. “पंच मैदानात कुठं बसतात?”

“समोर. टेबल असतं.”

“खोटं. इथं बसतात.”

आणि त्यांनी गुडघ्यावर अशी टिचकी मारली, की तिला हसू फुटलं. बऱ्याच दिवसांनी हसली. कापूरचे कान मागे वळले, तिच्या हसण्याकडे, आणि तिथेच राहिले.

नंतर काय झालं ते तिला नीट सांगता येत नाही. बाबा पाण्यातच उभे होते. धुकं आणखी खाली उतरलं. आधी काठ गेला, मग बाबा गेले, मग कापूरचं डोकंही धूसर झालं. उरली फक्त खालून येणारी ऊब, वर-खाली होणारी. ती आपली आहे की त्याची, हे तिला कळेना. कळावं असंही वाटेना. एक बगळा आला आणि दोन हातांवर पाण्यात उतरला. त्याने चोच बुडवली, मासा धरला, गिळला. पुन्हा उभा राहिला.

धुकं विरलं तेव्हा ऊन तिच्या हातावर आलं होतं. उजवा हात अजून खाली सुटलेलाच होता.

“किती मोजलेस?” बाबांनी विचारलं. ते थंडीने कुडकुडत होते.

“मोजलंच नाही.”

“शाबास, कापूर.”

या वेळी तिला राग आला नाही.

* * *

पुण्याला निवडीच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. शर्वाणी आणि कापूर चौकोनात शिरले, मधोमध आले आणि थांबले.

तिने हात सोडला. मान लववली.

मैदानाभोवती दोनशे माणसं होती. नंतर कोणी तरी सांगितलं, की असं उभं राहणं आम्ही पाहिलं नव्हतं. घोड्याची शेपटीसुद्धा हलली नाही. पंचांनी प्रतिसलाम केला. ती उभीच. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. ती उभीच. तिच्या पायांखाली तापीचं पाणी होतं.

मग ती भानावर आली, घाईने निघाली, आणि जिथे उजवीकडे वळायचं तिथे डावीकडे वळली.

घंटा वाजली. पाठ असलेली, झोपेतही न चुकणारी वाट चुकली होती. परत येऊन तिने उरलेलं सगळं सुंदर केलं. शेवटच्या सलामालाही कापूर तसाच उभा राहिला. दोन्ही थांबण्यांना दहापैकी नऊ मिळाले. पण चुकलेल्या वळणाचे गुण कापले गेले, आणि संघातली शेवटची जागा तिच्याहून अर्ध्या गुणाने पुढे असलेल्या मुलाला मिळाली.

अर्ध्या गुणाने! असल्या वेळी माणसाने कोणावर चिडावं?

शर्वाणी लालाबाबांवर चिडली.

* * *

“आज दोनच पाय?” बाबांनी विचारलं. ते बाभळीखालीच होते. त्यांनी हातातला खिळा बाजूला ठेवला.

“गेला तो,” ती म्हणाली. “काल सकाळी गाडी आली. चढताना मागे वळून बघत होता.”

बाबांनी काठी ओढून मांडीवर घेतली.

“तुमच्यामुळे झालं हे! तुम्ही मला उभं राहायला शिकवलंत आणि मी निघायचं विसरले. पूर्वी तो हलायचा, चार मिळायचे, पण मी वाट कधी चुकले नव्हते. कधीच नाही, बाबा!” तिने टाचेने वाळू उडवली. “मला नऊ नको होते. मला तो हवा होता.”

...

“ऐकताय ना?”

“ऐकतोय, बेटी.”

ती वाळूत बसली आणि मनसोक्त रडली. एकोणीस वर्षांच्या मुलीने जसं रडावं तशी, नाक ओढत. बाबांनी तिला गप्प राहा म्हटलं नाही. कापूर चांगल्या घरी गेला असंही म्हटलं नाही. ते तिला सगळ्यांनी सांगून झालं होतं.

रडणं ओसरल्यावर तिने तोंड पुसलं. सकाळ अजून कोवळी होती. धुकं नदीवरून सरकत काठापर्यंत आलं होतं.

“चल, सलाम कर,” बाबा म्हणाले.

“कोणाला? घोडा नाही. पंच नाहीत.”

“मला तरी कुठं दिसतंय?”

तिला वाटलं, उठून निघून जावं. एसटी साडेनऊची होती. पण पाय पाण्याकडे गेले. तिने बूट काढले आणि रोजच्या जागी, गुडघाभर पाण्यात, जाऊन उभी राहिली. पाणी फार थंड होतं. इतके दिवस हे कापूरने सोसलं होतं आणि आपल्याला ते ठाऊकच नव्हतं, हे तिच्या मनात आलं.

डावी मूठ तिने पोटाशी धरली. लगाम नव्हता. उजवा हात सैल सोडला. मान लववली.

धुकं उतरलं. काठ गेला. बाभूळ गेली.

पायांना मुंग्या आल्या, मग त्याही गेल्या. श्वास वर-खाली होत राहिला, ओळखीचा, मोठा, सावकाश. कुठे तरी जवळच बगळा उतरल्याचा आवाज झाला. तिने पाहिलं नाही.

साडेनऊची एसटी पुलावरून गेली.

बराच वेळ पाण्याचा आवाजसुद्धा आला नाही. मग काठावरून, अगदी हळू, लालाबाबा म्हणाले,

“शाबास, कापूर.”