मिठागरातले पाणी

राजा दूर प्रतिष्ठानात राहून राज्य करी आणि शूर्पारक बंदरात देशोदेशीची गलबते लागत, त्या काळी बोधिसत्त्वाने बंदरामागच्या तांबट आळीत जन्म घेतला होता. त्याचे नाव नागिल.

वैशाखातल्या एका सकाळी नागिल नव्या हंड्याचा गळा ठोकत बसला होता. दिवस रोजच्यासारखाच होता. शेजारचा म्हातारा भट्टी फुंकता फुंकता खोकत होता. एक गिऱ्हाईक तपेलीला पोचा आहे म्हणून कुरकुरत उभे होते. हंडा त्याचा मित्र उपल याच्या बायकोने, वसुलेने, करायला सांगितलेला होता आणि तो ठोकताना नागिलच्या मनात थोडा राग होता.

आठ दिवसांपूर्वी वसुला आली होती. "नागिलभाऊ, मागच्या हंड्याच्या बुडाला भोक पडलं. नवा करा."

"माझ्या हंड्याला? दोन वर्षांत? वहिनी, त्यात समुद्र उकळलात की काय?"

वसुला हसली. "मी नाही उकळला. ज्यांना दिला त्यांच्याकडे जा, घोटभर पाणी प्या, आणि मग माझ्याशी भांडायला या."

हंडा कुणाला दिला हे तिने सांगितले नाही. त्यानेही विचारले नाही.

ऊन चढले तेव्हा सुतनुका माळीण आळीत शिरली. फुलांची टोपली तिच्या डोक्यावर तशीच भरलेली होती. ती वसुलेची लहानपणापासूनची मैत्रीण.

"ठोकणं थांबव, नागिला."

"अगं, गिऱ्हाईक उभं आहे."

"थांबव म्हणते ना."

त्याने हातोडा खाली ठेवला. सुतनुकेने टोपली उतरवली आणि सांगितले. सकाळच्या भरतीत खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. उपल गेला, वसुला गेली. होडी वल्हवणाराही गेला.

उपल आणि वसुला यांची समुद्रकाठी नारळाची वाडी होती. काथ्याचे दोरखंड वळून ती दोघे गलबतांना पुरवीत. मूलबाळ नव्हते. पोटापुरते ठेवून वाडीचे बाकी सगळे उत्पन्न ती दर वर्षी वाटून टाकीत, आणि त्यांची वाटण्याची रीत साऱ्या बंदरात ठाऊक होती. आपल्या दारात कुणाला काही द्यायचे नाही. कार्तिकी पौर्णिमेनंतर दोघे पायी निघत, वस्तीवस्तीत जात, आणि ज्या घरी काही द्यायचे त्या घरी आधी बसून पाणी पीत. पाणी घेतल्याशिवाय देण्याचा विषय काढीत नसत. "ज्याच्या घरचं पाणी आपण प्यायलो नाही," उपल म्हणे, "त्याला काही द्यायला आपण कोण?" तातडीचे काही कानावर आले तर ती दोघे कार्तिकाची वाट न पाहता निघत.

खाडीकाठच्या मिठागरातल्या लोकांनी तिन्ही प्रेते खाडीतून काढली. दोघांच्या चितेला चंदन होते, सारे बंदर जमले होते. तिसरे प्रेत मिठागराचे लोक आपल्या होडीतून घेऊन गेले. त्याच्या चितेला काय होते, हे पाहायला बंदरातून कुणी गेले नाही. नागिलही गेला नाही.

उपलाने पूर्वीच गावच्या पंचांना सांगून ठेवले होते की आपल्यामागे वाडी आपल्या तिघा मित्रांच्या हाती असावी: नागिल, सुतनुका, आणि धान्याचा मोठा व्यापारी पूर्णभद्र. तिघांनी मिळून ठरवावे आणि द्यावे. पूर्णभद्र मनाने वाईट नव्हता. उपलाच्या चितेपाशी तो लहान मुलासारखा रडला होता. पण त्याला सगळे मोठे आणि टिकाऊ करायची हौस होती. पावसाळा सरायच्या आत त्याने स्वतःच्या पदरचे घालून वाडीच्या तोंडाशी दगडी कमान उभी केली. कमानीवर उपल आणि वसुला यांच्या मूर्ती कोरल्या, खाली त्यांची नावे.

"उपलाचं नाक इतकं सरळ कधी होतं रे?" सुतनुका मूर्तीकडे पाहत म्हणाली. "आणि वसुलेच्या गळ्यात सात पदरी हार! मी दिलेली शेवंतीची माळसुद्धा तिच्या गळ्यात संध्याकाळपर्यंत टिकायची नाही. वाटेत कुणाला तरी काढून द्यायची."

"शिल्पी मोठा आहे, बाई. त्याला काही कळत असेल," पूर्णभद्र म्हणाला. मग त्याने वाटण्याची नवी रीत सांगितली. कार्तिकी पौर्णिमेला मागणाऱ्यांनी कमानीखाली येऊन उभे राहावे, आपले दुःख सांगावे, लेखकाने ते लिहून घ्यावे. ज्याचे दुःख खरे आणि मोठे त्याला द्यावे.

"आणि घरोघर जायचं?" सुतनुकेने विचारले.

"आपण तिघं. किती घरं हिंडणार? आणि देणाऱ्याचं नाव लोकांना दिसायला नको? ती दोघं गुपचूप देत राहिली, उद्या त्यांना ओळखणार कोण?"

सुतनुकेने नागिलकडे पाहिले. त्या दिवसांत नागिलचे कशातच लक्ष नव्हते. वसुलेचा हंडा गळ्यापर्यंत ठोकून कोपऱ्यात पडला होता. त्याने मान हलवली, आणि ती होकाराची समजली गेली.

पौर्णिमेच्या दिवशी कमानीखाली माणसे जमली. समोर तीन आसने मांडली होती, चौथे आसन राजाच्या अमात्यासाठी राखून ठेवले होते. एकेक जण पुढे येऊन सांगत होता. एका म्हाताऱ्याने आपले आजार सांगितले, तर मागच्याने त्याहून मोठे सांगितले. ज्याला नीट बोलता येत होते त्याच्याकडे पूर्णभद्र झुकून ऐके. ज्याचे शब्द अडखळत त्याला लेखक म्हणे, "पुढं चला." नागिल खाली मातीकडे पाहत होता. आपण जणू बाजारात बसलो आहोत आणि लोक रडणे विकायला आणत आहेत, असे त्याला वाटले. वाटले, पण तो आसनावरच बसून राहिला.

मग मिठागराची एक बाई पुढे आली. तिचे पाय मिठाने चिरलेले होते. नाव तिसा.

"आमच्या वस्तीला विहीर हवी," ती म्हणाली. "खड्ड्याचं पाणी पावसाळ्यात बरं असतं. पाऊस सरला की खारं होतं. पोरांची पोटं बिघडतात. मागच्या वैशाखात तीन पोरं गेली. दादा आणि वहिनी तेव्हा आले होते. पाणी प्याले. उंचवट्यावर गोडं पाणी लागेल, विहीर खणून देऊ, असं वहिनी म्हणाल्या. परत जाताना होडी उलटली."

"त्यांनी कबूल केलं, याला साक्षी कोण?" पूर्णभद्राने विचारले.

तिसाने त्याच्याकडे पाहिले. "साक्षी होडीतच होते, शेठ."

"बाई, मेलेल्याच्या नावावर कुणीही काहीही सांगेल. मी तुला खोटी म्हणत नाही. रीत म्हणून विचारतो."

"होडी माझा नवरा वल्हवत होता," तिसा म्हणाली.

लेखकाने लेखणी उचलली. "नवऱ्याचं नाव?"

"आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. वस्तीत कुणालाही विचारा."

इतक्यात छत्रचामरे दिसली. अमात्य उशिरा आला होता. पूर्णभद्र लगबगीने उठला, अमात्याला आसनावर बसवून तिसाकडे वळला आणि हळू आवाजात, मनापासून म्हणाला, "बाई, तेवढं पुन्हा एकदा सांग. पोरांचं, होडीचं. अमात्यांनी ऐकलं नाही. रडू आलं तरी आवरू नकोस."

तिसाने पदर डोक्यावर ओढला आणि ती कमानीखालून चालती झाली.

नागिल उठला. तो शांत स्वभावाचा म्हणून आळीत प्रसिद्ध होता. त्याचा चढलेला आवाज तोवर कुणी ऐकला नव्हता.

"पूर्णभद्रा, सहा महिने झाले. उपलाला खाडीतून ज्यांनी काढलं त्यांच्या दारात आपल्यापैकी कोण गेलं? मी गेलो? तू गेलास? त्या बाईचा नवरा आपल्या मित्रांना पोचवायला निघाला आणि मेला, आणि आपण तिला विचारतो, साक्षी कोण! या दगडावर नाकं सरळ करायला आपल्याला वेळ मिळाला. तिच्या घरी जाऊन दोन शब्द बोलायला मिळाला नाही. आणि वर तिनं पुन्हा रडून दाखवायचं? कुणासाठी? या आसनासाठी?"

"नागिला, अमात्य बसले आहेत," पूर्णभद्र कुजबुजला.

"बसू दे. त्यांना तहान लागली असेल तर त्यांनीही यावं. मी पाणी प्यायला चाललो."

सुतनुका आधीच उठली होती. "आसनाला खिळे नाहीत, शेठ," ती पूर्णभद्राला म्हणाली. "उठता येतं."

पूर्णभद्र उठला. अमात्य मात्र जागचा हलला नाही.

ओहोटी होती. चिखलातून वाट होती, पांढऱ्या वाफ्यांच्या कडेकडेने. पूर्णभद्राच्या पायातले जोडे पहिल्याच ओढ्यात गेले. तिसा दाराशी बसली होती. तिघांना पाहून ती उठली आणि काही न विचारता, आल्या माणसाला द्यायचे म्हणून, आतून पाणी घेऊन आली.

पाणी दारातून दिसणाऱ्या एका जुन्या हंड्यातून काढलेले होते. हंड्यावर हिरवी पुटे चढली होती, बुडाला लाख लावून भोक बुजवले होते. गळ्याजवळच्या ठोक्यांची ओळ नागिलने लगेच ओळखली. ती त्याच्याच हातची होती.

त्याने पाणी तोंडाला लावले. एका घोटात त्याला सगळे कळले. जे सांगायला तिसाला कमानीखाली उभे राहावे लागले, जे पटायला साक्षी हवा होता, ते सगळे त्या घोटात होते. उपल आणि वसुलेने आधी पाणी का घ्यायचे हे त्याला इतक्या वर्षांत समजले नव्हते. तो त्याला त्यांचा नम्रपणा वाटत आला होता. नम्रपणा होताच. पण पाणी प्यालेल्या माणसाला दुःखाचा पुरावा मागावा लागत नाही.

त्याने भांडे पूर्णभद्राला दिले. पूर्णभद्राने घोट घेतला आणि त्याचे तोंड आक्रसले. थुंकावे म्हणून तो वळला. भिंतीशी चार मुले उभी राहून त्याच्याकडे पाहत होती. त्याने घोट गिळला. मग उरलेले पाणीही तो प्याला, आणि रिकामे भांडे त्याने तिसाला परत दिले.

"विहीर कुठं खणायची म्हणाल्या होत्या वहिनी?" त्याने विचारले.

तिसाने उंचवटा दाखवला.

माघात विहीर खणली. वस्तीने माती उपसली, वाडीच्या उत्पन्नातून दगड आले. पंधरा हातांवर गोडे पाणी लागले. वसुलेने सांगितलेला हंडा नागिलने पुरा केला आणि स्वतः नेऊन तिसाच्या दारात ठेवला. कमान पाडायला पूर्णभद्र तयार झाला नाही. "पण तिच्याखाली पुन्हा कुणाला उभं करणार नाही," तो म्हणाला, आणि तो शब्द त्याने मरेपर्यंत पाळला. दर कार्तिकात तिघे पायी निघत आणि आधी पाणी पीत. कमानीवरच्या दोन नावांखाली तिसरे, होडी वल्हवणाऱ्याचे नाव कोरायचे ठरले. पाथरवटाने जागा घासून गुळगुळीत केली. नाव नागिलने विचारले असेल असे सुतनुकेला वाटले, सुतनुकेने विचारले असेल असे नागिलला वाटले, आणि पूर्णभद्राला वाटले की लेखकाकडे ते असणारच. चार वर्षांनी खाडीने वाट बदलली, मिठागर ओस पडले, वस्ती दक्षिणेला कुठेशी निघून गेली.

जेतवनात भिक्षूंना ही कथा सांगून झाल्यावर भगवान शास्त्यांनी त्या जन्मीची माणसे ओळखवून दिली. तेव्हाचे उपल आणि वसुला म्हणजे आजचे महाकश्यप आणि भद्रा कापिलानी. पूर्णभद्र म्हणजे आनंद. सुतनुका ही उत्पलवर्णा होती आणि तिसा ही पटाचारा. तो तांबट नागिल म्हणजे स्वतः शास्ता. या कथेतला गुण समानतेचा आहे, ते म्हणाले. देणाऱ्याने आधी घेणाऱ्याच्या घरात खाली बसावे.

मागे बसलेल्या एका भिक्षूने विचारले, "भगवन्, आणि तो होडी वल्हवणारा?"



"त्याचे नाव," शास्ता म्हणाले, "मी विचारले नाही."