खिडकी निघेना, अंडं मिळेना

एक होतं चाकांचं घर. जीपच्या मागं जोडलेलं. त्या घरात राहायची एक पिटुकली पाल. नाव तिचं पिंगी.

पिंगीनं घातलं एक अंडं. पांढरं, वाटाण्याएवढं. ठेवलं खिडकीवर. खिडकी होती खिळखिळी. अंडं गेलं टुळुक टुळुक, टप्प. खिडकीच्या फटीत.

पिंगीचा जीव खालीवर झाला. संध्याकाळी घर निघणार. निघालं की धडधडणार. धडधडलं की अंडं फुटणार.

"मी काढणारच," पिंगी म्हणाली. शेपटी आपटली, फट्.

"खिडकी खिडकी, निघ ना. अंडं माझं मिळेना."
खिडकी म्हणाली, "रबर हटेल, तर मी निघेन."

पिंगी गेली सरसर सरसर, सर्र.
"खिडकी निघेना, अंडं माझं मिळेना. रबरा रबरा, हट ना."
रबर म्हणालं, "स्क्रू फिरेल, तर मी हटेन."

पिंगी गेली सरसर सरसर, सर्र.
"रबर हटेना, खिडकी निघेना, अंडं माझं मिळेना. स्क्रू स्क्रू, फिर ना."
स्क्रू म्हणाला, "मिस्त्री उठेल, तर मी फिरेन."

हैबती मिस्त्री खिडकी घट्ट करायला आले होते. आले, आणि झाडाखाली बसले.

पिंगी गेली सरसर सरसर, सर्र.
"स्क्रू फिरेना, रबर हटेना, खिडकी निघेना, अंडं माझं मिळेना. मिस्त्रीकाका, उठा ना."
मिस्त्री म्हणाले, "च्या घेतल्याबिगर माझा हात चालत न्हाई, बाय."

आधी चहा, मग काम. मोठी माणसं अशीच असतात.

चहाच्या टपरीवर होती गोदूमावशी. पिंगी गेली सरसर सरसर, सर्र.
"मिस्त्री उठेना, स्क्रू फिरेना, रबर हटेना, खिडकी निघेना, अंडं माझं मिळेना. मावशी, चहा टाका ना."
मावशी म्हणाली, "गुळावर बघ किती माशा. त्या उडू देत, मग टाकते."

पिंगी गेली सरसर सरसर, सर्र.
"चहा उकळेना, मिस्त्री उठेना, स्क्रू फिरेना, रबर हटेना, खिडकी निघेना, अंडं माझं मिळेना. माशांनो माशांनो, उडा ना."
माशा म्हणाल्या, "गूळ गोड, गूळ गोड. आम्ही नाही उडत, जा."

इतकं फिरून शेवटी माशा? माशा तर पिंगीचा खाऊ. तिनं जीभ काढली, लप्पक. एक माशी गट्टम. बाकीच्या भुर्र.

माशा उडाल्या. चहा उकळला, रटरट. मिस्त्री उठले, भुरका मारून. स्क्रू फिरले, कुर्र कुर्र. रबर हटलं, फटाक. खिडकी निघाली, धप्प.

मिस्त्रींनी फट पुसली. पण कोपरा राहिला. अंडं होतं कोपऱ्यात. मिस्त्रींनी तर खिडकी उचललीसुद्धा, परत बसवायला.

पिंगी इतकी घाबरली, तिला शब्दच सुचेना. तोंडातून एवढंच निघालं, "चुकचुक, चुकचुक."

मिस्त्री थांबले. "चूक? कुठं चूक? माप तर बरोबर हाय."
"चुकचुक, चुकचुक."
"आजून चूक?"

मिस्त्री वाकले. कोपऱ्यात बघितलं. अंडं दिसलं.
"आरं, लई मोठी चूक झाली आस्ती," ते म्हणाले.

त्यांनी अंडं बोटावर घेतलं. अलगद, अलगद. घरात कापसावर ठेवलं. मग खिडकी बसवली. रबर लावलं. स्क्रू पिळले. खिडकी झाली गच्च.

संध्याकाळ झाली. घर निघालं. धडधड, धडधड. अंडं नाही फुटलं. पिंगी त्याला चिकटून बसली. घाट आला, गाव आलं. पिंगी हलली नाही.

आणि मग टिच्. अंडं उघडलं. आपलं आपण, आतून.

बाहेर आलं पिल्लू. पिंगीनं त्याला चाटलं.

घर गेलं पुढच्या गावाला, गोष्ट राहिली आपल्याला.