कुरणवाडीचं न मोडलेलं रिंगण

पाव्हणं, जरा जपून. त्या वरंब्यावर पाय देऊ नका. टांग टाकून आत या, आतल्या मातीत कुठंही बसा, पण कडेला पाय लागता कामा नये. मागच्या उन्हाळ्यात एक साहेब मोटारीतनं उतरले ते थेट वरंब्यावर उभे राहून फोटो काढायला लागले. मी त्यांना काय बोललो ते आता सांगत नाही, तुमच्यात लेकीबाळी आहेत.

हे आमच्या कुरणवाडीचं रिंगण. या कडेपासून त्या कडेपर्यंत बेचाळीस फूट भरतं. माळावर बघाल तिकडं कुसळं, आणि एवढा गोल मात्र अंगणासारखा साफ. एक विद्वान आले होते, दोन दिवस टेप लावून मोजत होते, म्हणाले फार पुरातन काहीतरी असावं. म्हटलं, महाराज, हे सर्कशीचं रिंगण आहे. एवढंसं तोंड करून गेले बिचारे.

मी खुरपं चालवत चालवत सांगतो, चालेल ना? हात रिकामा असला की माझं तोंड नीट चालत नाही.

आमच्या गावात भैरू चाबूकस्वार नावाचा माणूस होऊन गेला. संस्थानाच्या पागेतले कोवळे घोडे फिरवून तयार करायचं काम त्याच्या घराण्यात चालत आलेलं. पुढं पागा मोडली, घोडे विकले गेले. भैरूनं त्यातल्या दोन घोड्या राखल्या, दोरीवर चालणारं एक डोंबाऱ्याचं कुटुंब जोडीला घेतलं, कुठनंतरी एक अस्वल मिळवलं आणि सर्कस उभी केली. तंबू कसला, गोणपाटं शिवून केलेली कनात होती म्हणे. पण घोडी भरधाव सुटली की हा तिच्या पाठीवर उभा राहायचा आणि हवेत चाबूक वाजवायचा. आवाज पार गावात ऐकू जायचा. जनावराच्या अंगाला मात्र चाबूक कधी लावला नाही, असं सांगतात.

पहिले तीन खेळ इथंच, या माळावर झाले. सगळं गाव लोटलं. एक माणूस तेवढं आलं नाही, ती त्याची बायको सगुणा. घरात सासू अंथरुणाला खिळलेली. दिवेलागणीला म्हातारीला भ्रम व्हायचा, आणि सुनेचा हात सुटला की ती आकांत करायची. शेजारणी म्हणाल्या, आम्ही बसतो, तू जा. म्हातारी ऐकेल तर ना! तिन्ही दिवस सगुणा तो हात धरून बसली आणि माळावरनं येणारा चाबकाचा आवाज ऐकत राहिली. आवाज झाला की लोकांची आरोळी उठायची. काय झालं असेल, पडले तर नसतील, एवढंच तिच्या मनात.

चौथ्या दिवशी तळ हलायचा होता. आता सर्कसवाल्यांचा एक रिवाज सांगतो, तो ध्यानात ठेवा, सगळी गोष्ट त्यावर आहे. गाव सोडायच्या आधी रिंगणाचा वरंबा मोडायचा, माती सपाट करायची, मगच गाड्या जुंपायच्या. रिंगण मोडलं म्हणजे त्या गावाशी आपलं काही उरलं नाही, आपण मोकळे झालो. न मोडता गेलं तर ते रिंगण माणसाला मागं ओढत राहतं, कुठं सुख लागू देत नाही.

भैरू घरी निरोप घ्यायला आला. सगुणा चुलीपुढनं उठलीच नाही.

"साऱ्या गावानं बघितलं," ती म्हणाली. "मलाच तेवढं न्हाई दावलं तुम्ही."

"पुढच्या खेपेला दावतो. एकट्या तुझ्यासाठी खेळ करतो."

"बोलायला काय जातंय!"

भैरूला ते लागलं. माळावर आला तर त्याचा तळ उभारणारा म्हातारा, हुसेन वस्ताद, फावडं घेऊन वरंबा मोडायला उभा. भैरूनं ते फावडं काढून घेतलं. वस्ताद म्हणाला, "भैरू, याड लागलं का तुला? उघडं रिंगण मागं ठेवून कुणाचं बरं झालंय?" भैरू म्हणाला, "मागं ओढावं म्हणूनच ठेवतोय." रिंगण तसंच राहिलं आणि गाड्या निघाल्या.

माळावरचा मातीचा वरंबा तो काय, दोन वळीव झाले की वाहून जायचा. सगुणानं जाऊ दिला नाही. सासूचं आवरलं की खुरपं घेऊन यायची. पावसानं खाल्लेली कड पुन्हा थापायची, आतलं गवत काढायची. कुणी थट्टा केली तर म्हणायची, माझ्या मालकांचा खेळ राहिलाय.

इकडं भैरूचं नशीब उघडलं. बेळगाव झालं, हुबळी झाली, मद्रास झालं, मग बोटीनं रंगून आणि सिंगापूर. गोणपाटाच्या जागी दोन खांबांचा तंबू आला, बँड आला, तीन हत्ती आणि चाळीस घोडे. छाती बिल्ल्यांनी भरून गेली. पण खेळाला सुरुवात करायच्या आधी तो आपल्या पांढऱ्या घोडीचं तोंड कुरणवाडीच्या दिशेला करायचा. समुद्रापलीकडं दिशा कशी कळायची विचाराल, तर घोडीच आपणहून वळायची म्हणे.

प्रत्येक मुक्कामाहून त्याचं कार्ड यायचं. ख्यालीखुशाली असायची, आणि शेवटी एक ओळ, रिंगण आहे का? सगुणाला लिहिता येत नव्हतं, शाळेतले गुरुजी लिहून द्यायचे. ती सांगायची, लिहा, रिंगण आहे. गुरुजी म्हणायचे, अहो बाई, सगळं कार्ड कोरं चाललंय, आणखी काही लिहू? ती म्हणायची, नको, त्यांना कळतं.

सासू गेली, तेव्हा भैरू रंगूनला होता. त्याला महिन्यानं कळलं. त्यानं लिहिलं, आता तूच इकडं ये. जायला हवं होतं की नाही? पण सगुणा म्हणाली, मी तिकडं गेले आणि एका पावसात हे बुजलं तर? मी निघाले आणि तेवढ्यात इकडं ते आले तर? रिंगण ठेवलं होतं त्याला ओढायला, आणि बांधून बसली ती.

मग तो का आला नाही? यायचं म्हणायचा आणि दरसाल लांबवायचा. दोन घोड्या घेऊन निघालो, गावात जायचं तर गावानं तोंडात बोटं घातली पाहिजेत, असं त्याच्या मनानं घेतलं. यंदा तंबू मोठा करतो. पुढल्या साली आणखी एक हत्ती. त्याच्या पुढल्या साली वाघ. अहो, तिला हत्ती बघायचा होता का? तिला तो घोडीवर उभा राहिलेला बघायचा होता. पण हे त्याच्या डोक्यात शिरेल तर शपथ!

अशी पंधरा वर्षं गेली. पंधराव्या वर्षी सिंगापूरहून कार्ड आलं. यंदा जमत नाही, वाघांची जोडी येते आहे, रिंगण आहे का? गुरुजींनी वाचून दाखवलं. सगुणानं कार्ड हातात घेऊन उलटं ठेवलं. मग म्हणाली, "लिहा, रिंगण मोडलं."

गुरुजी चपापले. "खरंच मोडलंत?"

"न्हाई वो. माझ्या हातानं मोडंल का? पण लिहा. वाचलं की धावत येतील."

गुरुजींनी लिहिलं. इथंच सगळं चुकलं, पाव्हणं. ती बोलली बायकोच्या रागानं, आणि त्यानं वाचलं सर्कसवाल्याच्या डोळ्यानं. त्याला वाटलं, तिनं मला मोकळं केलं. हुसेन वस्तादाला कार्ड दाखवून म्हणाला, "थकली असंल. पंधरा वर्षं काय कमी झाली? तिचं काय चुकलं?" घोड्यांच्या पाठीमागं जाऊन रडला, असं सांगतात. आणि त्यानंतर त्यानं कार्ड टाकलं नाही. कुठल्या तोंडानं टाकणार?

सगुणानं महिनाभर वाट बघितली, दोन महिने बघितली. मग घाबरली. कार्डामागनं कार्ड लिहून घेतलं, रिंगण आहे, रिंगण आहे, रिंगण आहे. पण सर्कस पुढं गेलेली, पत्ता कुणाला ठाऊक? कार्डं फिरून फिरून परत आली. रागाच्या भरात बोललेल्या दोन शब्दांनी तिचा माणूस हरवला. ती स्वतःच्या तोंडात मारून घ्यायची म्हणे. आणि खुरपं घेऊन पुन्हा इथं यायची.

भैरूचंही त्यानंतर काही खरं राहिलं नाही. जनावरांत रोग शिरला, वादळात तंबू फाटला, माणसं पांगली, हुसेन वस्ताद परमुलखातच गेला. सर्कशीचा मालक मुलखात परतून दुसऱ्यांच्या सर्कशीत घोड्यांना चंदी घालायला लागला. जवळ राहिली एक पांढरी घोडी, त्याच्या पहिल्या घोडीची नात. तीही म्हातारी, म्हणून कुणी नेली नाही.

त्या सिंगापूरच्या कार्डानंतर आठ वर्षांनी एका दुसऱ्याच सर्कशीची माणसं तळासाठी जागा बघत आपल्या माळावर आली. बघतात तो तयार रिंगण, आणि आत एक पांढऱ्या केसांची बाई गवत काढतेय. त्यांनी विचारलं, "आक्का, कुणाचं हे?" ती म्हणाली, "भैरू चाबूकस्वाराचं. उघडंच हाय अजून." ती माणसं चपला काढून मागं सरली. दुसऱ्याच्या उघड्या रिंगणात कुणी खेळ करत नसतात. त्यांनी आपला तळ ओढ्यापलीकडं टाकला आणि जाताना ती गोष्ट बरोबर नेली. या तंबूतनं त्या तंबूत, एका गावाहून दुसऱ्या गावाला, सर्कसवाल्यांच्या तोंडी ती वर्षभर फिरत राहिली. कुरणवाडीला रिंगण उघडं आहे, एक बाई रोज खुरपते. भैरू घोडीला पाणी दाखवत होता तेव्हा त्याच्या कानावर आली. त्यानं बादली खाली ठेवली, घोडीचा लगाम धरला आणि चालायला लागला. कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

चैत्राची सकाळ होती. मी बसलोय ना, इथंच सगुणा बसली होती. पाठीमागं चाबूक वाजला. तिनं मान वर केली नाही. नऊ वर्षांत तो आवाज तिला किती वेळा भासला होता! दुसऱ्यांदा वाजला तेव्हा घोडी फुरफुरली, आणि मग तिनं वळून बघितलं.

वरंब्याबाहेर भैरू उभा. दाढी पांढरी, पायात चपला नाहीत.

"रिंगण मोडलं म्हणून लिहिलंस," तो म्हणाला.

"तुम्ही यावं म्हणून लिहिलं. एवढंबी कळलं न्हाई व्हय तुम्हाला?"

"न्हाई कळलं."

दोघंही रडली. आपल्याकडं असं चारचौघांत रडत नाहीत, पण रडली. मग भैरू म्हणाला, "हत्ती न्हाईत, वाघ न्हाई, बँड न्हाई. काय दावू तुला?"

"मी मागितले होते का? घोडीवर बसा."

म्हणे तो त्या म्हाताऱ्या घोडीवर चढला. घोडीचे गुडघे धरलेले, ती पळेना, सावकाश चालायला लागली. भैरू तिच्या पाठीवर हळूहळू उभा राहिला. पाय लटलट कापत होते. एक फेरी पुरी केली आणि हवेत चाबूक वाजवला. चोवीस वर्षांपूर्वी नुसता ऐकलेला आवाज सगुणानं डोळ्यांनी बघितला. तिनं एकटीनं टाळ्या वाजवल्या. त्या वेळी गावात घरोघरी बँड ऐकू आला, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे. पण बाया हातातली कामं टाकून माळाकडं पळत आल्या, एवढं खरं.

खेळ संपल्यावर भैरूनं फावडं मागितलं. खेळ झाला, शब्द पुरा झाला, आता मोडायचं आणि घरी जायचं. रिवाजच तो. सगुणानं फावड्याचा दांडा धरला. वरंब्याभोवती बाया उभ्या होत्या. कुणाचा लेक पलटणीत, कुणाचा नवरा बोटीवर, कुणाचा भाऊ मुंबईच्या गिरणीत.

"ह्यांची माणसं कुठं आलीत अजून?" ती म्हणाली. "आसू द्या."

आणि त्याच दिवशी तिनं एकेकीला एकेक वीत वरंबा नेमून दिला.

आजही आमच्या गावातनं कुणी लांब निघालं की आधी इथं येतं आणि आपली एक वीत कड स्वतःच्या हातानं थापून जातं. ती वीत मागं घरच्यांनी राखायची. माणूस कायमचा परत आला की त्याची वीत मोडत नाहीत, पुढच्या जाणाऱ्याला देतात. तिकडनं फोन आला की पहिला प्रश्न, रिंगण आहे का? इकडनं उत्तर, रिंगण आहे. आणि एक गोष्ट आमच्याकडं कटाक्षानं पाळतात. भांडणं होतात, वर्ष वर्ष अबोला चालतो, पण बाहेर गेलेल्या माणसाला रागानं ते दुसरे दोन शब्द कुणी सांगत नाही. मी आत्ता गोष्टीत बोललो तेवढेच.

मी खुरपतोय ती वीत माझ्या उत्तमची. मालवाहू बोटीवर इंजिनात असतो, अकरा वर्षं झाली. दर रविवारी फोन करतो. पूर्वी आधी रिंगणाचं विचारायचा. आता दोन वर्षं झाली, माझ्या गुडघ्याचं विचारतो, पावसापाण्याचं विचारतो, हे विचारत नाही. यायचं लांबलं की लाज वाटते माणसाला, भैरूलासुद्धा वाटली होती. राग येतो मला, नाही कशाला म्हणू? पण बोलत नाही. फोन ठेवायच्या आधी मीच सांगतो, बाळा, रिंगण आहे.

जरा सरका, ताई. तुमच्या पायाशी एक कुसळ राहिलंय.