फौजदाराचे बूट

अंजिराबाईची दुभती शेळी चोरीला गेली आणि फौजदारानं तिची तक्रारसुद्धा ऐकून घेतली नाही, तेव्हापासून बाई नुसती धुमसत होती. त्यात तोच फौजदार देवळात ग्रामरक्षक दलाची माणसं निवडायला आला. जन्मभर भाजी विकलेली अंजिराबाई पदर खोचून उभी राहिली.

"माझं नाव घाला, सायेब. चोर मी धरते."

फौजदार खो खो हसला. "या वयात? आजी, घरी जपमाळ ओढत बसा!"

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक दाराशी पायरीवर जाऊन बसली.

सभा उठली, तर पायरीवर काढून ठेवलेले फौजदाराचे बूट गायब! त्यानं गावातली सगळी पोरं रांगेत उभी केली, शिव्या घातल्या, पिशव्या उलट्या केल्या. बूट काही सापडेनात.

"पुरे झालं! गरीब पोरांना कशाला छळता?" म्हणत अंजिराबाई उठली. बूट तिच्या लुगड्याखाली होते. ती त्यांच्यावरच बसली होती!

"म्हातारे, तू?"

"सगळ्यांची झडती घेतलीत, माझी का नाही घेतली?"

"तुझ्यावर कोण संशय घेणार?"

"आत्ता कसं बोललात! चोरबी घेणार नाही. तुमची टोपी दिसली की तो पळतो. मी शेजारी बसले, तरी माझ्याच शेळीचा भाव करत राहील."

तिनं बूट छातीशी धरले. "आधी नाव लिहा. मग बूट."

अनवाणी फौजदारानं मुकाट्यानं पेन काढलं.